शून्य जार

"मॅडम, तेवढा तुमच्या वडिलांचा थांबा आज खाली ढकलता का?" नऊ नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, आणि तिचा पायरीवर ठेवलेला पाय पायरीवरच राहिला. सकाळची गडबड चालू होती. अंगणात गाड्या उलट्या लावलेल्या, वीस-वीस लिटरचे निळे जार हातोहात चढत होते, जमीन ओली झालेली. नऊ नंबरनं हात पुसत पुढं सांगितलं, "काका काल म्हणाले, उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, जरा उशिरा ये. आता मी आपला आपण क्रम बदलला तर मशीन बोंबलतं. म्हटलं, तुम्हालाच सांगावं. घरचंच तर आहे." हे तो इतक्या सहज बोलला की त्यात विचारण्यासारखं काही उरलंच नाही. ती "बरं" म्हणाली. ही तिची जुनी खोड. आधी बरं म्हणायचं आणि मग घाबरायचं. वर आपल्या मजल्यावर पोचेपर्यंत ती घाबरलेली नव्हती, नुसती चालत होती. मग खुर्ची ओढताना तिच्या लक्षात आलं की आपण वडिलांकडे कुठलीही गाडी पाठवलेली नाही. वडील जार घेत नाहीत. नळाचं पाणी पितात आणि त्याचा त्यांना गर्व आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. तिला तिकडं जाऊन वर्ष होत आलं, आणि ऑफिसात तिनं त्यांच्याविषयी कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही.

कंपनी पाण्याचे जार घरोघरी पोचवते आणि रिकामे परत आणते. कुठल्या गाडीनं कुठल्या दारी कुठल्या क्रमानं जायचं हे ठरवणं तिचं काम. ड्रायव्हर लोक तिला नकाशाबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण जिना चढताना खालचं सगळं ऐकू येतं. नकाशाबाईनं नऊ नंबरची कालची रेघ पडद्यावर उघडली. बाकीच्या गाड्यांच्या रेघा आटोपशीर होत्या, गोदामातून निघून, एखादी वस्ती उरकून, गोल फिरून परत. नऊची रेघही तशीच निघाली होती, पण शेवटाकडे तिच्यातून एक लांब शेपूट सुटलं होतं. नकाशाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेलं आणि तसंच मागे आलेलं. सदऱ्याला धागा लोंबत असावा आणि दिवसभर कुणी सांगू नये, तसं ते दिसत होतं. टोकाला एक ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवल्यावर अक्षरं उमटली. खुंटी तीन. देणं शून्य जार, घेणं शून्य जार. खाली सही घेतल्याची खूण होती. रोजची.

खुंटी हा शब्द कुठल्या पुस्तकातला नव्हता, ती आणि मार्ग आखणारे तिचे दोन सहकारी, अशा तिघांच्या खोलीतला होता. मार्ग आखायची नवी पद्धत बांधताना तिला त्रास देऊन बघावा लागतो. त्यासाठी दूर कुठंतरी, जिथं एकही गिऱ्हाईक नाही अशा जागी एक खोटा ठिपका ठोकायचा, त्याची मागणी शून्य ठेवायची, आणि पद्धत गोंधळते का बघायचं. चांगली पद्धत असला आडनिडा ठिपकाही निमूट कुणाच्या तरी पदरात घालते. वाईट पद्धत त्याच्यापायी सगळ्या गाड्यांचा गुंता करून ठेवते. तिघांनी आपापली खुंटी ठोकली होती. एकानं प्राणीसंग्रहालयाचा पत्ता दिला. दुसऱ्यानं सासुरवाडीचा, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्यासाठी पृथ्वीवर त्याहून लांबची जागा नव्हती. त्यावर ते खूप हसले होते, आणि हसता हसता तिनं वडिलांच्या घराचा पत्ता टाइप केला होता. नकाशात शोधावा लागला नाही. घर, गल्ली, मजला, सगळं बोटांतून आलं. चाचण्या संपल्यावर खुंट्या उपटायच्या असतात. प्राणीसंग्रहालय उपटलं, सासुरवाडी उपटली. तिची राहिली. नवी पद्धत चालू झाली त्या दिवशी पद्धतीनं तो ठिपकाही बाकीच्यांसारखाच खरा धरला आणि नऊ नंबरच्या पदरात घातला. चूक साधी होती, आणि अगदी त्यांच्याच धंद्यातली.

आता कुणी बोललं कसं नाही? बोलणार कसं. ती सोयही तिनंच काढून घेतली होती. ही पद्धत आली तेव्हा ड्रायव्हरांनी कुरकुर केली होती, कानामागून आली आणि तिखट झाली म्हणाले होते. ते आपल्या मर्जीनं थांबे गाळायचे, क्रम फिरवायचे, मधेच कुठं चहाला जायचे. म्हणून तिनं नियम घातला की पडद्यावरचा थांबा गाळता येणार नाही, क्रम बदलता येणार नाही, आणि दारातल्या माणसाची सही घेतल्याशिवाय पुढचा थांबा उघडणार नाही. आपली अक्कल चालवू नका, हे तिनं सभेत सौम्य शब्दांत सांगितलं होतं. नऊ नंबरनं ती चालवली नाही. तो रोज शहराच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, बेल वाजवायचा, शून्य जारांची सही घ्यायचा आणि परत यायचा. आणि खाली अंगणात त्यांनी याचा आपला अर्थ लावला असणार, की नकाशाबाई कंपनीच्या डिझेलवर बापाची खुशाली विचारते. तिच्या कानशिलांना ऊब आली. लाज होती ती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, ज्याला तिला लगेच नाव देता येईना.

तिनं वडिलांचा थांबा दुपारच्या फेरीच्या शेवटाला ढकलला, कारण तेवढं तर करायलाच हवं होतं, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ही विद्या शिकताना पहिल्या काही तासांतच त्यांना एक गोष्ट सांगितली होती. दारं थोडी असतील तर सगळे क्रम करून बघता येतात. दारं वाढली की क्रम इतके होतात की जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी ते मोजून संपत नाहीत. म्हणून सगळ्यात चांगल्या रस्त्याचा नाद सोडायचा आणि बऱ्यापैकी चांगल्याची चिकाटी धरायची. कुठूनतरी सुरुवात करायची. सुरुवात कुठून? तर असं धरायचं की प्रत्येक दारासाठी एक वेगळी गाडी निघते, त्या एकाच दारी जाते, आणि परत येते. ही सगळ्यात महाग अवस्था. मग दोन-दोन दारं जोडून बघायची. याच्याकडून परस्पर त्याच्याकडे गेलं तर किती वाचतं? जास्त वाचेल ती जोडी आधी बांधायची. अशा बांधत बांधत गाड्या कमी करत न्यायच्या. ती पद्धत तिला तेव्हा फार आवडली होती. आज तिला पहिल्यांदाच त्या सुरुवातीच्या अवस्थेचं नवल वाटलं. एका माणसासाठी एक गाडी निघते, फक्त त्याच्याकडे जाते आणि परत येते. हे उत्तर कुणी कधी दिलेलं नाही. ते खोडण्यासाठीच मांडतात.

काटकसर तिच्या रक्तातच होती. वडील गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर पसरायचे, त्यावर खडूनं बाह्या, कॉलर, पाठी, खिसे असे आखायचे की मधे बोटभरही जागा वाया जाऊ नये. त्यांच्या टेबलाखाली चिंध्या पडत नसत. त्यावरून शिवणाऱ्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या, कारण चिंध्या नेऊन पोरांसाठी काही ना काही शिवायची सवय होती त्यांना, आणि या माणसाच्या टेबलाखाली झाडू मारला तरी खडूची भुकटीच निघायची. ती लहानपणी एकदा-दोनदा तिथं गेली होती. वडिलांनी एक बाही उचलून उलटी ठेवली होती आणि अख्ख्या पाठीची जागा निघाली होती, आणि तिच्याकडे बघून त्यांनी भुवई उडवली होती. पण हाच माणूस रस्त्यावर उतरला की उधळ्या. रविवारी तिला बरोबर घेऊन दुकानात जायचे ते नेहमी लांबच्या रस्त्यानं. नदीवरचा पूल, मग शाळेमागची भिंत, मग लाकडाच्या वखारी, आणि मग कुठं दुकान. हाकेच्या अंतरावर दुकान असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं आई विचारायची. वडील म्हणायचे, "लवकर आलं की तू कामाला लावतेस." आई म्हणायची, "उशिरा आलात तरी लावणारच आहे." ती मधे पिशवी धरून उभी असायची. त्या रस्त्यात ते फारसं बोलायचे नाहीत. खरं सांगायचं तर काय बोलायचे ते तिला एक अक्षर आठवत नव्हतं, फक्त भिंतीवरून बोट घासत चालल्याचं आठवत होतं.

आई गेल्यावर ती शहाणी झाली. निदान तिला तसं वाटलं. वडील त्या टोकाला एकटे, ती या टोकाला. दवाखाना लांब, बाजार लांब, तिसरा मजला, लिफ्ट कधी चालू कधी बंद. तिनं एक नकाशा काढला. व्यवस्थित, रंगीत. त्यांचं घर, तिचं घर, दवाखाना, बाजार, आणि मधली अंतरं. आपल्या घराजवळच्या दोन खोल्या बघून ठेवल्या. एका रविवारी तिनं तो नकाशा त्यांच्या टेबलावर पसरला आणि ऑफिसातल्यासारखं समजावून सांगितलं. नवरा बरोबर होता, तो नंतर म्हणाला की फक्त हातात काठी घेऊन भिंतीवर दाखवायचं राहिलं होतं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमचं इथं राहणं कुठल्याच हिशोबात बसत नाही." वडिलांनी नकाशा नीट बघितला. त्यांना चांगली आखणी कळायची. मग त्याची घडी घातली, कडेला कड लावून, आणि तिच्या हातात दिली. "हिशोबात बसत नसेन तर मला त्यातून काढ," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं. त्यानंतर फोनवर ती "येते" म्हणाली की ते म्हणायचे, "कशाला, लांब पडतं." ते दर वेळी तेच म्हणायचे आणि ती दर वेळी ते खरं मानायची, कारण लांब पडत होतंच. तिनं मोजलेलं होतं. ती रागावली नव्हती, तेही नसावेत. पण दोघंही एकाच मापाचे हट्टी, पुढं कोण सरणार?

साहेब दारात आले तेव्हा ती नऊ नंबरच्या शेपटाकडेच बघत होती. साहेबांच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर उत्साह. कुणाला काढायचं असलं की ते असेच दिसायचे. "मॅडम, हा तुमचा नऊ नंबर बघा. सगळ्यात जास्त किलोमीटर त्याचे. सगळ्यात उशिरा परत तो. आणि जार उतरवतो सगळ्यांपेक्षा कमी. उंटावरून शेळ्या हाकतो नुसता. उद्यापासून त्याला घरी बसवतोय." न बोललं तर आत्ता तिच्यासाठी सगळं आपोआप मिटत होतं. नवा ड्रायव्हर येईल, ती दुपारी निवांत खुंटी उपटेल, नऊ नंबर म्हातारा होईपर्यंत म्हणत राहील की आपलं मशीनशी पटलं नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतं? तिनं हे सगळं अगदी शांतपणे पाहिलं. या उत्तरात एकही रेघ दुसरीला छेदत नव्हती. मग ती म्हणाली, "त्याची चूक नाही, साहेब. माझी खुंटी राहिलीय." "काय राहिलंय?" तिनं सांगितलं. पत्ता कुणाचा तेही सांगितलं. साहेब आधी तिच्याकडे, मग पडद्याकडे बघत राहिले आणि एकदम खदखदून हसले. "म्हणजे तुमच्या वडिलांना आम्ही रोज एवढ्या लांबून हवा पोचवतोय? नि ते सही करून घेतायत?" "हो." "अहो, धन्य आहात सगळे." डोळे पुसून ते व्यवहारावर आले. "आत्ताच्या आत्ता काढा. आणि हे वर कुठं बोलू नका, वरच्यांना आपण बचतीचा आलेख दाखवून बसलोय. हे काढल्यावर आणखी थोडी बचत होईल, ती पुढच्या बैठकीत नवी म्हणून दाखवू." "आणि नऊ नंबर?" "राहू दे त्याला. बिचारा. शहाण्याला शब्दाचा मार, याला मशीनचा." ते हसत गेले. बाहेर कुणाला सांगितल्याशिवाय राहणं त्यांना जड जाणार होतं हे स्पष्ट होतं.

उद्याच्या आखणीतून ठिपका काढायला तिनं कळ दाबली. काढायचा का, असं यंत्रानं विचारलं. हो. रेघा क्षणभर थरथरल्या, दोन गाड्यांनी आपसांत चार दारांची अदलाबदल केली, आणि सगळं पुन्हा स्थिर झालं. शेपूट गेलं होतं. नऊची रेघ अंग आखडून इतरांसारखी आटोपशीर झाली. देखणं उत्तर होतं. आणि देखणं उत्तर आलं की तिला जो एक सूक्ष्म आनंद व्हायचा, तो तिला आत्ताही झाला, हे तिला कळलं, आणि मग वाईट वाटलं. सरळ वाईट वाटलं, त्याला दुसरा शब्द नव्हता. उद्या तिकडं बेल वाजणार नाही. का वाजली नाही ते कुणी सांगणार नाही. वडील विचारणार नाहीत. ते काही दिवस दाराकडे कान देतील आणि मग, माणूस कशाचीही सवय मोडतो तशी, मोडतील. ही बातमी फोनवर देता येईल का, असा तिनं विचार केला, आणि त्या फोनमधलं पहिलं वाक्य तिला जुळवता येईना. दुपारची फेरी भरून झाली तेव्हा ती खाली उतरली आणि नऊ नंबरच्या शेजारच्या सीटवर चढून बसली. "मार्ग बघायचाय," म्हणाली. नऊ नंबरनं सीटवरचं फडकं घाईघाईनं उचललं. बाकीचे ड्रायव्हर बघत राहिले.

तिनं या शहरातले सगळे रस्ते रेघा म्हणून पाहिले होते. रेघेला वास नसतो, चढ नसतो. गाडीत बसल्यावर जार एकमेकांवर घासून कुरकुरत होते आणि प्रत्येक वळणाला तिचं पोट एका बाजूला जात होतं. दार आलं की नऊ नंबर भरलेला जार खांद्यावर घ्यायचा, आत जायचा आणि रिकामा हातात लटकवत परत यायचा. भरल्याला रिकामा, रिकाम्याला भरलेला. एके ठिकाणी एका बाईनं त्याला थांबवून खिडकी लावून घेतली, ती तिच्याच्यानं लागत नव्हती. एका ठिकाणी कुत्रं भुंकलं. हे कुठल्याच आखणीत नव्हतं आणि त्यानं फारसं बिघडतही नव्हतं. हळूहळू घरं विरळ होत गेली. विजेच्या तारांचं एक कुंपणातलं केंद्र गेलं, टायरांची दुकानं गेली, अर्धवट पूल हवेत थांबलेला दिसला. बराच वेळ एकही थांबा नव्हता. हेच ते शेपूट, तिच्या मनात आलं. पडद्यावर बोटभर असतं.

"पहिल्या दिवशी काय झालं?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवशी काका म्हणाले, आम्ही काही मागवलं नाही. मी म्हटलं, मी पण काही आणलं नाही." नऊ नंबर स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "मग त्यांनी गाडीवरचं नाव वाचलं. म्हणाले, माझी मुलगी आहे तिथं. मग केली सही."

"आणि मग?"

"मग काय, रोजचंच झालं. इस्त्रीचा शर्ट घालून असतात. बेल वाजायच्या आधी दार उघडतात कधीकधी. सही करतात ती पण कशी, एकेक अक्षर सुटं, जसं काही घर लिहून देतायत. आणि विचारतात, बरी आहे का ती."

ती समोरच्या काचेकडे बघत राहिली. "तू काय सांगायचास?"

"बरी आहे म्हणायचो. मला काय माहीत, मॅडम? सकाळी खालून खिडकीत दिसता तुम्ही. बऱ्या दिसता. तेवढंच सांगायचो." थोड्या वेळानं तो चाचरत म्हणाला, "खाली सगळे म्हणतात, काखेत कळसा नि गावाला वळसा. फोन असताना गाडी कशाला पाठवतात. पण मला वाटलं, असेल बाबा. फोनवर सही कुठं घेता येते."

लिफ्ट बंद होती. जिन्यात तोच रंग, तोच दुसऱ्या मजल्यावरचा निखळलेला कठडा. तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरनं बेल वाजवली आणि ती त्याच्या मागे एक पायरी खाली उभी राहिली, कुठं उभं राहावं ते तिनं ठरवलं नव्हतं. दार उघडलं. वडील बारीक झाले होते. शर्टला इस्त्री होती. डोळे मोठे, काळे, ओलसर, उजेडाला मिटमिटत होते.

"आज जोडीला माणूस आणलास काय रे? शून्य जार उचलायला दोघं?" ते म्हणाले. "डोळ्यांत थेंब घातलेत त्यांनी, संध्याकाळपर्यंत सगळं धुरकट आहे."

"बाबा, मी आहे," ती म्हणाली.

दाराच्या चौकटीवर वडिलांचा हात होता, तो तिथंच राहिला. नऊ नंबर उगाच जिन्याकडे बघायला लागला.

"तू होय," शेवटी ते म्हणाले. "एवढ्या लांब?"

"सांगायला आले. उद्यापासून गाडी येणार नाही."

"बरं," वडील म्हणाले. अगदी तिच्यासारखंच, लगेच, विचार न करता. आणि ही खोड आपण कुठून उचलली ते तिला तिथं जिन्यात उभं राहून कळलं.

"ती चुकून येत होती, बाबा. चाचणीसाठी एक पत्ता टाकला होता, तो काढायचा राहिला. मी मुद्दाम पाठवत नव्हते. तुम्हाला वाटलं असेल..."

"मला काय वाटायचंय? चूक आहे ते पहिल्याच दिवशी कळलं. शून्य जार कोण पाठवतं शहाण्यासारखं? मुद्दाम पाठवली असतीस तर दारातूनच परत लावली असती. सांगितलं असतं याला, बापाची खुशाली विचारायला गाड्या कसल्या पाठवते म्हणावं." ते थांबले, डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी मनगटानं टिपलं, थेंबांचंच असावं. "चूक होती म्हणून येऊ दिली. चुकायला तरी पत्ता डोक्यात असावा लागतो."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली ओढत होतं. वडील अजून दारातच उभे होते, आत या म्हणत नव्हते आणि दार लावतही नव्हते, आणि आता हा माणूस "बरं तर, लांब पडतं, निघ" एवढंच म्हणेल आणि आपण निघू, याची तिला अचानक भयंकर भीती वाटली.

"काका, सही," नऊ नंबरनं अवघडून मशीन पुढं केलं. "ही झाली की सुटलो."

वडिलांनी ते हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, लांब धरलं. "काही दिसत नाही. किती लिहिलंयस?"

"रोजचंच. शून्य."

"एक लिही."

नऊ नंबरनं तिच्याकडे बघितलं. "एक लिहिला तर एक उतरवावा लागेल, काका."

"मग उतरव."

"तुम्ही तर म्हणता नळाचं पाणी..."

"तू वकील आहेस का ड्रायव्हर? उतरव."

तो दाणदाण खाली गेला. ती दोघं दारात राहिली. वडील चौकटीवरचा हात काढून थोडे बाजूला सरकले, आणि तेवढ्यातून तिला आतलं टेबल दिसलं, खिडकी दिसली. नऊ नंबर धापा टाकत वर आला, खांद्यावरचा जार त्यानं आत नेऊन ओट्याशी ठेवला, आणि सही घेता घेता त्याच्या ध्यानात आलं. "पण मॅडम, भरलेला दिला की रिकामा न्यायला यावं लागतं. आणि हा थांबा तर तुम्ही काढला."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले, एक धुरकट, एक स्वच्छ. परत घालता येईल, ती मनात म्हणाली. नवं गिऱ्हाईक म्हणून. आता तर मागणी खरी आहे. साहेब हसतील, शेपूट परत फुटेल, बेल वाजत राहील, आणि आपण खिडकीत बऱ्या दिसत राहू. ती तोंड उघडणार एवढ्यात वडील नऊ नंबरला म्हणाले, "गाडी कशाला पाहिजे? रिकामा झाला की ही येईल घ्यायला. काय गं?"

"येईन," ती म्हणाली. आणि एकट्या माणसाला वीस लिटर म्हणजे साधारण किती दिवस, हे तिचं डोकं तिच्याही नकळत मोजायला लागलं, ओठ हलले असावेत, कारण वडिलांना एवढ्या धुरकटातही ते दिसलं.

"मोजत बसू नकोस," ते आत वळत म्हणाले. "मी पाणी फार पितो."